मारक्या बैलाचा धनी

निर्गम ग्रंथातील दशाज्ञा आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांच्या पाठोपाठ येणारा एकविसावा अध्याय मात्र फारसा कोणी वाचीत नाही. सीनाय पर्वतावरचा धूर आणि कर्ण्यांचा नाद विरतो न विरतो तोच तिथे गुलाम, मारामाऱ्या, गुरेढोरे यांविषयीचे कायदे सुरू होतात आणि वाचक पाने उलटतो. या रूक्ष वाटणाऱ्या कायद्यांत बैलासंबंधीचा एक कायदा आहे. एखाद्या बैलाने स्त्रीला वा पुरुषाला शिंगावर घेऊन ठार केले, तर त्या बैलाला दगडमार करून मारावे, त्याचे मांस खाऊ नये. धनी मात्र निर्दोष समजावा. परंतु तो बैल पूर्वीपासूनच मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरून धरले नसेल, तर बैलाबरोबर धनीही दोषी.

बैल तोच, शिंगे तीच, मरणही तेच. दोन्ही प्रसंगांत कुणाला मारावे असा हेतू धन्याच्या मनात नाही. मग फरक कशाने पडला? धन्याला ठाऊक होते की नव्हते, एवढ्या एकाच गोष्टीने. पहिल्या प्रसंगी जे घडले त्याला अपघात म्हणता येते. दुसऱ्या प्रसंगी तो शब्द उच्चारण्याचा अधिकार धन्याने गमावलेला असतो. त्या काळच्या बाबिलोनी कायद्यातही मारक्या बैलाचे कलम आहे. पण तिथे धनी ठरावीक चांदी मोजून सुटतो. मोशेच्या नियमशास्त्राला ही गोष्ट त्याहून फार गंभीर वाटली.

धन्याला ताकीद देण्याची आजच्या राज्यव्यवस्थेची रीत म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन. मोठा प्रकल्प उभा करण्यापूर्वी त्याचा हवेवर, पाण्यावर, जंगलावर, माणसांवर आणि रस्त्यांवर काय परिणाम होईल याची आगाऊ तपासणी करून अहवाल तयार करावयाचा, तो लोकांपुढे ठेवायचा आणि मग सरकारने मंजुरीचा निर्णय घ्यावयाचा. आपल्या देशात ही पद्धत १९९४ सालच्या अधिसूचनेने सक्तीची झाली. १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणीची भर पडली. सध्याची मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. असे अहवाल शेकडो पानांचे असतात आणि त्यांतले वाहतुकीचे प्रकरण सर्वांत कमी वाचले जाते. वाघ, नद्या, झाडे यांच्याविषयी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. ट्रक मोजण्याच्या तक्त्यात रस वाटणारा विरळा. तरीही धर्मविचाराच्या दृष्टीने अत्यंत अवघड प्रश्न याच तक्त्यांत दडलेला आहे, असे मला वाटते. तो प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडच्या रस्त्यावर उभे राहून पाहिला म्हणजे नीट कळतो.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची डोंगररांग उत्तम प्रतीच्या लोहखनिजाने भरलेली आहे. माडिया गोंडांचा ठाकूरदेव याच डोंगरावर आहे आणि दर जानेवारीत परिसरातील गावे त्याच्या यात्रेला जमतात. २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला येथे ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला. प्रत्यक्ष खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची डझनावारी वाहने जाळली आणि काम थंडावले. २०२१ पासून ते पुन्हा जोमाने सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये एक कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन देण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे जावयाची आहेत. डोंगरावरून निघालेले खनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने चामोर्शी तालुक्यातील कोनसरीकडे आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या कारखान्याकडे जाऊ लागले. आलापल्लीच्या सागवानी अरण्यातून जाणारा हा रस्ता. एके काळी त्यावरून एस. टी., लाकडाचे ट्रक, बैलगाड्या आणि सायकली एवढीच रहदारी असे.

आता थोडे अंकगणित करू. वर्षाला ३० लाख टन आणि कामाचे दिवस ३०० धरले तर दिवसाला १०,००० टन होतात. एका ट्रकमध्ये २५ टन माल धरला तर भरलेल्या ट्रकांच्या ४०० फेऱ्या आणि तितकेच रिकामे ट्रक परत. म्हणजे रस्त्याकडेच्या घरासमोरून चोवीस तासांत ८०० वेळा ट्रक जाणार. दर पावणेदोन मिनिटांना एक. हाच हिशेब एक कोटी टनांना लावला आणि सारा माल रस्त्यानेच न्यायचा म्हटले, तर दर अर्ध्या मिनिटाला एक. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ त्रैराशिक आहे; पण चौथीतल्या मुलाला येणारे हे त्रैराशिक प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून सर्वांना उपलब्ध होते. पुढे या मार्गावर अपघातांत माणसे दगावली, रस्ते उखडले, लाल धूळ शेतातल्या पिकांवर बसली, लोकांनी आंदोलने केली. बैल मारका आहे हे गोठ्यातून बाहेर काढण्यापूर्वीच सांगता आले असते, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

यावर कुणी म्हणेल की, अहवालात वाहतुकीचा अभ्यास असतोच. असतो, खाणीच्या अहवालासाठी घालून दिलेल्या कार्यकक्षेत तो अनिवार्यच आहे, आणि खाणीच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यांवर ट्रकांची किती भर पडेल हेही त्यात दाखवावे लागते. प्रश्न अभ्यास केला की नाही हा नसून त्या अभ्यासात काय विचारले जाते हा आहे. रस्त्यावरची वाहने मोजताना ती सारी एका मापात आणावी लागतात. त्या मापाला ‘पॅसेंजर कार युनिट’ म्हणतात. आपण त्याला मोटार-एकक म्हणू. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत एक मोटार म्हणजे एक एकक, सायकल अर्धे एकक, ट्रक तीन एकके आणि बैलगाडी आठ एकके असा हिशेब दिला आहे. ग्रामीण रस्त्यांच्या अभ्यासात वर्षानुवर्षे हीच कोष्टके वापरली गेली.

हा तक्ता पहिल्यांदा पाहणारा माणूस चकित होतो. धान घरी नेणारी बैलगाडी आठ आणि खनिजाने भरलेला ट्रक तीन! यात अभियंत्यांची चूक नाही. त्यांना मोजायचा असतो तो अडथळा: इतर वाहनांच्या वेगाला कोण किती अडवते. त्या दृष्टीने सावकाश चालणारी बैलगाडी खरोखरच मोठा अडथळा आहे. ट्रकच्या चाकाखाली बैलगाडी आली तर काय होईल, हा प्रश्न या मापाला विचारलेलाच नसतो. आणि रस्त्याच्या कडेने दप्तर घेऊन चालणारी मुलगी, मोहाची टोपली डोक्यावर घेतलेली बाई, बाजाराला निघालेला म्हातारा यांच्यासाठी तर या कोष्टकात ओळच नाही. पायी चालणारा म्हणजे अर्धे एककही नव्हे. तो तिथे नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. मोजणीच्या एका वहीत ज्याला जागा नव्हती तो दुसऱ्या वहीत येऊन बसतो. तिथे त्याला पूर्ण एक म्हणून मोजतात.

एककांची बेरीज झाली की तिला रस्त्याच्या क्षमतेने भागतात. भागाकार एकाहून कमी आला तर रस्ता हा भार सोसू शकतो. जास्त आला तर रस्ता रुंद करावा. म्हणजे सहनशक्ती मोजली जाते ती डांबराची. रस्त्याकाठच्या घरात रात्री झोप लागते की नाही, दम्याच्या रोग्याने काय करावे, शाळा सुटण्याच्या वेळेला ट्रक थांबतील काय, हे प्रश्न भागाकारात येत नाहीत. शिवाय रुंद रस्त्यावर ट्रकांचा वेग वाढतो आणि पायी चालणाऱ्याला ओलांडावयाचे अंतरही वाढते. दोष सुधारण्याचा उपायच कधी कधी बैलाची शिंगे तासून अधिक टोकदार करतो.

रस्त्याला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. रस्त्यावाचून बाळंतीण खाटेवर घालून नेण्याचे दुःख गडचिरोलीच्या दुर्गम गावांनी पिढ्यानपिढ्या भोगले आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहेरी ते गर्देवाडा ही बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या भागाला एस. टी. दिसली. तिचे स्वागत करणाऱ्यांना खाणीचे हस्तक ठरविणे हा शहरी पर्यावरणप्रेमाचा उद्धटपणा होईल. परंतु याच एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे २०२३ मध्ये आदिवासी ग्रामस्थांनी सुमारे आठ महिने धरणे धरले; त्यांचा विरोध नव्या खाणींना आणि त्यांच्यासाठी होत असलेल्या रुंद रस्त्यांना होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठविले. बस हवी आणि ट्रकांची रांग नको, यात विसंगती कुठे आहे? आपल्या घरासमोरच्या गल्लीविषयी आपण सारे हेच म्हणतो. वसईच्या आपल्या बांधवांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या लढ्यात विहिरींचे पाणी, टँकर आणि बांधकामे यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगणात अनुभवलेला आहे.

अहवालांच्या आणखी एका रूढीकडे पाहू. प्रकल्पाच्या ठिकाणी कंपासाचे टोक ठेवून साधारणतः दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात आणि त्याला अभ्यासक्षेत्र म्हणतात. त्यातली हवा, पाणी, गावे, लोकसंख्या यांचा तपशील अहवालात येतो. कुठेतरी मर्यादा घालावीच लागते हे मान्य. सबंध जगाचा अभ्यास कोण करणार? पण ट्रक हे असे वाहन आहे की ते वर्तुळाच्या परिघावर थांबत नाही. दहा किलोमीटरच्या आतल्या माणसाचे रक्तदाबापर्यंतचे वर्णन व्हावे आणि अकराव्या किलोमीटरवरच्या वस्तीचे अस्तित्व केवळ रस्त्याच्या एका आकड्यात विरून जावे, असे त्यामुळे घडू शकते.

लूककृत शुभवर्तमानातील शास्त्री प्रभूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याच्या प्रश्नात खोच आहे. त्याला वर्तुळ हवे आहे. आज्ञेप्रमाणे प्रीती करीन, पण कुठपर्यंत ते सांगा, म्हणजे त्यापलीकडच्यांविषयी मी निश्चिंत. येशूने त्याला वर्तुळ आखून दिले नाही. त्याने त्याला एक रस्ता दाखविला. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा, लुटारूंचे भय असलेला रस्ता आणि त्याच्या कडेला पडलेला एक माणूस. याजक आणि लेवी हे दुष्ट होते असे दाखल्यात कुठेच म्हटलेले नाही. त्यांनी त्याला जखमी केले नव्हते. ते आपल्या वाटेने चालले होते आणि तो त्यांच्या क्षेत्राबाहेर होता, इतकेच. दाखला ऐकवून झाल्यावर प्रभूने प्रश्न उलटा केला: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी अंतराने ठरत नाही. माझ्या जाण्यायेण्याने ज्याचे आयुष्य बदलते त्याच्यापाशी मी थांबतो की नाही, यावरून ते ठरते. आष्टीजवळच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणारी बाई सुरजागडच्या खाणीची शेजारीण आहे. कंपास काहीही म्हणो.

आता जनसुनावणीकडे वळू. मराठीत ‘सुनावणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत हे वाचकांच्या ध्यानात असेलच: ऐकविणे, आणि चार खडे बोल बोलणे. सुनावणीत कोण ऐकतो आणि कोण कुणाला सुनावतो, हे मात्र शब्दावरून कळत नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी लागते. जिल्हाधिकारी वा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ व्यवस्था पाहते, किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मतदान नसते. गणपूर्तीचे बंधनही नाही; कुणी आले नाही तरी सुनावणी होऊ शकते. लोकांचे म्हणणे नोंदवून पुढे पाठवायचे, निर्णय दिल्लीत.

सुरजागडचे उत्पादन एक कोटी टनांवर नेण्याविषयीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली येथे, जिल्ह्याच्या मुख्यालयात झाली. एटापल्लीपासून ते ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर. या भागात सुरक्षेचा प्रश्न खरा होता. माओवाद्यांनी केवळ ट्रक जाळले नाहीत, खबरी ठरवून निरपराध आदिवासींचे प्राणही घेतले, आणि ज्यांची बाजू घेतो असे ते म्हणत त्यांनाच मोकळेपणी बोलणे अशक्य केले. बंदुकीच्या धाकाने चालणारी चळवळ हीसुद्धा एक प्रकारची ऐकून न घेण्याची पद्धत आहे. परंतु ज्या डोंगरावर रोज शेकडो कामगार आणि यंत्रे यांना संरक्षण देता येते, त्याच्या पायथ्याशी एका दिवसापुरता मंडप घालता येऊ नये, हे पटणे कठीण. शंभर किलोमीटर जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडे, मुक्कामाची सोय. ज्याला बोलायचे आहे त्याने आधी त्याच रस्त्याचा प्रवास करायचा, ज्याविषयी त्याला बोलायचे आहे. पुन्हा सारांश मराठीत असला तरी माडिया ही वेगळ्या कुळातली भाषा आहे. मराठी आपल्याला मातृभाषा वाटते, पण भामरागड-एटापल्लीकडच्या वृद्ध स्त्रीला ती कचेरीचीच भाषा वाटते. ‘स्थानिक भाषा’ या दोन शब्दांचा अर्थ मुंबईत ठरतो.

याच जिल्ह्यात दुसरी रीतही पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची प्रथा रुजली. एखादा विषय ग्रामसभेपुढे आला की आधी अभ्यासगट बसतो, माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणकारांना विचारतो. मग ग्रामसभा चर्चा करते. एकाचीही हरकत असली तर निर्णय थांबतो. हे वेळखाऊ आहे. पण २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आले आणि २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू हे गाव स्वतःच्या परवान्याने विकू लागले. ऐकण्यास वेळ लागतो म्हणून विकास अडतो, हा आक्षेप निदान तिथे टिकत नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचे प्रकरणही आठवते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीविषयी ग्रामसभांना विचारा असे सांगितले. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. विचारले तर उत्तर मिळते. बहुधा याच कारणाने विचारणे टाळले जात असावे.

चंद्रपूरची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडक्यात सांगतो. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना यांनी वेढलेले हे शहर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत १०० पैकी ८३.८८ गुण मिळवून देशातल्या चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र परवानगी होती. प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण, वर्ग अनुत्तीर्ण! एकेका बैलाची तपासणी होते. कळप मोजायला कोणी नसतो. त्याच वर्षी ताडोब्याजवळच्या लोहारा येथील नियोजित कोळसा खाणीची प्रक्रिया मात्र लोकांच्या आंदोलनानंतर केंद्राने थांबविली. परीक्षणातून नकारही निघू शकतो, हे त्यातून दिसले. तेथे वाघ मदतीला आला. वाघाला देशभर मित्र आहेत याचा आनंदच आहे. सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलाला तितके मित्र मिळाले तर तो अधिक वाढेल.

नीतिशास्त्रात संत थॉमस अक्विनास यांच्यापासून एक विचार चालत आला आहे, ज्याला दुहेरी परिणामाचे तत्त्व म्हणतात. एखाद्या चांगल्या कृत्याचा एक वाईट परिणाम होणार हे दिसत असले, तरी तो हेतू नसेल, चांगले फळ त्या वाईटातूनच मिळवायचे नसेल आणि चांगल्या-वाईटाचे प्रमाण न्याय्य असेल, तर ते कृत्य करता येते. खाणीचा समर्थक याचा आधार घेऊ शकेल. हजारोंना रोजगार, देशाला पोलाद; अपघात कुणालाच नको आहेत. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. आपण राहतो त्या घराच्या स्लॅबमधली सळई कुठल्या तरी डोंगरातूनच आली आहे. पण हे तत्त्व दिसणाऱ्या परिणामाविषयी आहे; जो परिणाम पाहायचाच नाही असे ठरवले, त्याला ते लागू होत नाही. पायी चालणाऱ्याला मोजलेच नाही तर प्रमाण कशाशी ताडून पाहणार? शिवाय अक्विनास ज्या प्रसंगी हे बोलतात तो स्वसंरक्षणाचा आहे. तिथे जीव आपला असतो. इथे फळ एकाच्या पदरात आणि घाव दुसऱ्याच्या अंगावर. अशा वेळी प्रमाण ठरविण्याचा अधिकार फळ खाणाऱ्याकडे एकट्याकडे कसा राहील?

नुकसानभरपाईने हा प्रश्न सुटतो असे मानणारे पुष्कळ आहेत. भरपाई अवश्य मिळावी, लवकर मिळावी. मात्र निर्गमच्या त्याच अध्यायात बैलाने गुलामाला मारले तर त्याच्या मालकाला तीस शेकेल रुपे द्यावे असे आहे, आणि ख्रिस्ताला धरून देणाऱ्यालाही तीसच नाणी मोजून देण्यात आली. माणसाचा भाव ठरविण्यासाठी जगाने वापरलेला हा आकडा आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी येऊन बसला आहे. दर ठरला म्हणजे मरण खर्चाच्या रकान्यात जाते, आणि मग ते टाळणे किफायतशीर आहे की भरणे, असा हिशेब सुरू होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणीय मूल्यांकनाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्यवसायाचा आराखडा पक्का झाल्यावर मागाहून मूल्यांकन जोडू नये, ते प्रारंभापासून आणि दडपणाविना व्हावे, त्यात लोकांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा विचार असावा, आणि चर्चेच्या मेजावर स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असे त्यांचे सांगणे आहे. प्रकल्प कशासाठी, कुणासाठी, धोका कुणाला आणि किंमत कोण मोजणार, हे प्रश्न त्यांनी विचारावयास सांगितले. आदिवासी समाजाला भूमी ही विकावयाची वस्तू वाटत नाही, हेही त्याच पत्रात आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात शोभावीत अशी ही कलमे आपल्या प्रवचनांत मात्र क्वचितच ऐकू येतात.

हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची वाहिनी आता बांधण्यात आली आहे. पाण्यात कालवलेले खनिज तिच्यातून वाहून नेले की रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, असे सांगितले जाते. तसे झाले तर उत्तमच. मारक्या बैलाला दावे बांधणाऱ्या धन्याचे श्रेय नाकारू नये. परंतु हे दावे आधी सुचले नव्हते काय, आणि वाहिनीला लागणारे पाणी कुठल्या नदीचे, तिच्या काठावरच्या गावांना कुणी विचारले, या प्रश्नांसाठी पुन्हा नवा अहवाल, नवे वर्तुळ आणि नवी सुनावणी येणार.

त्या वेळी आपल्याला काय करता येईल? चांदा धर्मप्रांत १९६२ पासून या दोन जिल्ह्यांत काम करतो आहे. त्याचे मुख्य मंदिर बल्लारपुरात आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांच्या निमित्ताने आपल्या भगिनी, फादर आणि प्रापंचिक शिक्षक गावोगाव पोहोचलेले आहेत. सुनावणीची सूचना निघाल्यापासून तीस दिवस हातात असतात. तेवढ्या अवधीत सारांशाचे दहा-पंधरा पानांचे मराठी पुस्तक मिळवून, माडिया जाणणाऱ्या एखाद्याला सोबत घेऊन, ते गावात बसून वाचून दाखविता येते. वाहतुकीच्या प्रकरणात कुणाला मोजले नाही ते पाहता येते. आणि ज्यांना मोजले नाही त्यांना आपण मोजू शकतो: शाळेतल्या थोरल्या मुलांनी वही-पेन्सिल घेऊन सकाळी साडेनऊ ते साडेदहा फाट्यावर बसावे आणि किती मुले, किती बाया, किती म्हातारी माणसे पायी रस्ता ओलांडतात ते तारखेनिशी लिहावे. आठ दिवसांची अशी नोंद हरकतीला जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी देता येते. त्यासाठी शंभर किलोमीटर जावे लागत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची पोच मागून घ्यावी.